सोलापुरात मिनिएचर गेम: पैसे नेमके कुठे जातात

मिनिएचर गेम म्हणजे छोट्या फिगरच्या फौजा टेबलावर लढवायचा खेळ. त्याचा खर्च विचारला की जो तो बॉक्सची किंमत सांगतो. त्याआधी एक ठरवा: फिगर बंद पाकिटातून नशिबाने घ्यायच्या, की बघून, निवडून?

बंद पाकिटांचा प्रकार ‘मेज नाइट’ या खेळाने 2000 साली आणला, 2002 पासून ‘हीरोक्लिक्स’ने तो सुपरहीरोंवर चालवला. फिगर रंगवूनच येते. तळाशी तबकडी असते. मार बसला की एक खटका फिरवायचा, तबकडीच्या खिडकीतले फिगरच्या ताकदीचे आकडे बदलतात. रंग-ब्रशचा खर्च नाही, म्हणून हे स्वस्त वाटतं. हिशेब करून बघा. एका सेटमध्ये, म्हणजे एका मालिकेत, 60 फिगर आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखीच, असं धरू. निम्म्या, म्हणजे 30 वेगवेगळ्या फिगर जमायला सरासरी 41 घ्याव्या लागतात. सगळ्या 60 जमायला 281! एकट्या शेवटच्या फिगरपायी सरासरी 60, म्हणजे पाच-पाचची 12 पाकिटं. त्यात दुर्मीळ फिगर मुळातच कमी टाकलेल्या असतात. तेव्हा सेट पुरा करायचा नाद सोडा. प्रत्येक फिगरला तिच्या ताकदीप्रमाणे पॉइंट ठरलेले असतात; 300 पॉइंटची टीम आधी कागदावर लिहा आणि तेवढ्याच सुट्या फिगर घ्या. जुन्या फिगरची तबकडी घट्ट असते. फिगर धरून पिळलीत तर घोट्यात तुटते, बेसची कडा धरून फिरवा.

दुसरा प्रकार बघून, निवडून घ्यायचा. ‘वॉरहॅमर 40,000’ या खेळात बॉक्सवर लिहिलंय तेच आत निघतं, पण कापणं, जोडणं, रंगवणं आपल्याकडे. 2000 पॉइंटची फौज एकदम घेऊ नका. बहुतेकांची निम्मी फौज बिनरंगाचीच कपाटात पडून राहते. ‘कॉम्बॅट पेट्रोल’ या छोट्या तयार फौजेचा एक बॉक्स एका खेळाडूला पुरतो आणि 44 बाय 30 इंच जागेत खेळ होतो. दोन फौजांचा स्टार्टर बॉक्स दोघांत घेतला तर आणखी बरं, समोर खेळायला माणूसही मिळतो. टेबलावर सोलापुरी चादर मात्र अंथरू नका, जाड विणीवर छोटे बेस डुलतात.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरा. खेळण्यांवरचं शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं, 2023 मध्ये 70 वर. दर बदलत असतात, ऑर्डर देण्याआधी चालू दर बघा. स्प्रेचे डबे विमानाने सहसा पाठवत नाहीत, ते इथेच घ्या.

जोडायला पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा सिमेंट घ्या. तो प्लास्टिक किंचित वितळवून सांधा एकजीव करतो. रेझिनवर तो चालत नाही, तिथे फेविक्विक, तेही थेंबभरच. जास्त झालं की आजूबाजूला पांढरी पुटं चढतात.

सोलापुरात सगळ्यात जास्त नुकसान प्राइमर, म्हणजे रंगाआधी मारायचा थर, करतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि फिगरवर सँडपेपरसारखी खर बसते. मग सगळा थर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. सकाळी सातच्या आत, डबा दोन मिनिटं हलवून, 20-25 सेंटिमीटरवरून छोटे फटकारे मारा. पावसाळ्यात उलटा त्रास: दमट हवेत मॅट वार्निश, म्हणजे रंगावरचा बिनचमकीचा संरक्षक थर, पांढरट पडतं. दोन्ही ऋतूंत ब्रशने लावायचा प्राइमर बिनधोक. आणि खेळाच्या टेबलावर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे डोंगर करणार असाल तर त्यावर आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात द्या, नाहीतर स्प्रेने थर्माकोल वितळून खड्डे पडतात.