अॅम्बॅसेडर, रेझिन आणि जळगावचा उन्हाळा

सुटे भाग जोडून गाडीची प्रतिकृती करायच्या १:२४ प्रमाणाच्या प्लॅस्टिक किटमध्ये जपानी, जर्मन, इटालियन गाड्या हव्या तितक्या मिळतात. मात्र जळगाव-धुळे रस्त्यावर ज्या गाड्या आपण लहानपणापासून पाहिल्या, त्यांचे किट कोणी मोठा उत्पादक काढेल, ही आशा मी केव्हाच सोडली आहे. यामागे कोणाचा आकस नसून निव्वळ हिशेब आहे. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे किट पोलादी साच्यात दाबाने भरून निघते, आणि त्या साच्याचा खर्च हजारो डबे खपल्याशिवाय भरून येत नाही. रेझिनची, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाची, बॉडी सिलिकॉन रबराच्या साच्यात हाताने ओतली जाते. तो साचा वीस-तीस नग काढून झाला की फाटू लागतो, पण घरातल्या टेबलावर तयार होतो. ज्या गाडीला जगभरात पन्नास गिऱ्हाइके आहेत, ती गाडी म्हणूनच रेझिनमध्ये होऊ शकते.

रेझिनची बॉडी म्हणजे पूर्ण किट नव्हे. बहुतेक वेळा हातात येते ते फक्त गाडीचे कवच. फार तर सोबत बंपर, जाळी आणि डॅशबोर्ड असतो. चासिस, चाके, सस्पेन्शन आणि काचा दुसऱ्या एखाद्या प्लॅस्टिक किटमधून घ्याव्या लागतात, आणि तो दाता किट निवडताना गाडीचे नाव न पाहता आधी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, पाहावा, असे माझे ठाम मत आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडलेल्या अॅम्बॅसेडरचा व्हीलबेस २४६४ मिलिमीटर, म्हणजे १:२४ मध्ये १०२.७ मिलिमीटर येतो. फियाट ११०० च्या घराण्यातल्या प्रीमियर पद्मिनीचा २३४० मिलिमीटर, म्हणजे ९७.५. आता टोयोटाची एई८६ ही गाडी घ्या, जिचे किट फुजिमी आणि आओशिमा या दोन्ही कंपन्यांनी काढलेले आहे. तिचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत नेमका १०० येतो. एकच चासिस मधोमध कापून पावणेतीन मिलिमीटरची पट्टी घातली की अॅम्बॅसेडरला बसते आणि अडीच मिलिमीटर काढून टाकले की पद्मिनीला बसते. शिवाय तिन्ही गाड्यांचे इंजिन पुढे, गती मागच्या चाकांना आणि मागचा अॅक्सल अखंड. फरक उरतो तो स्प्रिंगचा. एई८६ ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, तर आपल्या दोन्ही गाड्यांना पाटे. पण पॉलिस्टायरीनच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून पाटे करणे हे या छंदातले सर्वांत सोपे काम असावे. चाके मात्र बदलावीच लागतात, कारण अॅम्बॅसेडरची रिम १५ इंची, म्हणजे १:२४ मध्ये जवळपास १६ मिलिमीटर व्यासाची होते आणि दाता किटची लहान रिम त्या मोठ्या चाककमानीत हरवून जाते.

बॉडीची मूळ प्रत, जिला या कामात मास्टर म्हणतात, ती मी खऱ्या गाडीवरून मापे घेऊन करतो. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली अॅम्बॅसेडरचे उत्पादन थांबले असले, तरी खानदेशातल्या गॅरेजांच्या मागच्या अंगणात एखादी अजूनही उभी सापडते. टेप घेऊन बॉनेटची उंची, काचेच्या चौकटीची रुंदी, दोन दारांमधल्या खांबाची जाडी मोजत असताना मिस्त्रींनी विचारले, "काय भो, गाडी लेवानी शे का?" मी खरे कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतःच मागच्या डिकीचा उतार मोजायला पत्र्याचा काटकोन आणून दिला. अॅम्बॅसेडरमध्ये चुकण्याची जागा हीच आहे. छताची गोलाई सगळ्यांच्या लक्षात असते, पण मागच्या मडगार्डचा फुगवटा दारापाशी जिथे सुरू होतो तिथली वळणरेषा जराशी सपाट झाली, तरी गाडी दुसरीच कोणती तरी ब्रिटिश गाडी वाटू लागते. हल्ली संगणकावर आकार घडवून मास्टर छापून घेता येतो, आणि ते सोयीचे आहे. छपाईच्या थरांच्या रेषा तरीही पॉलिश पेपरने घालवाव्याच लागतात, आणि संगणकावरच्या आकृतीत मडगार्डचे वळण चुकलेले असेल तर ते अत्यंत अचूकपणे चुकलेलेच छापून येते.

साच्याकडे वळण्यापूर्वी सामानाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या गावांत ‘रेझिन’ म्हणून दुकानदार जे काढून देतो ते बहुधा दुसरेच असते. दागिने, घड्याळे, फोटोफ्रेम करणाऱ्यांचे पारदर्शक रेझिन हे इपॉक्सी असते. ते घट्ट व्हायला दिवस घेते. फायबरच्या पत्र्यांसाठी मिळते ते पॉलिस्टर; ते आटते जास्त, वास उग्र, आणि त्यातले स्टायरीन प्लॅस्टिकच्या मास्टरलाच विरघळवू लागते. बॉडीसाठी हवे ते दोन भागांचे पॉलियुरेथेन, जे मिसळल्यावर काही मिनिटांतच पांढरे होऊन घट्ट होते. ते आणि साच्याचे सिलिकॉन मुंबईहून मागवावे लागते. सिलिकॉनमध्येही प्लॅटिनम जातीचे घेतले असेल, तर मास्टर बसवण्यासाठी वापरायची माती गंधकविरहित आहे याची खात्री करावी, कारण गंधकाचा स्पर्श झाला की ते सिलिकॉन त्या जागी घट्टच होत नाही, चिकट राहते.

पॉलियुरेथेनच्या डब्यावर लिहिलेली वेळ ही साधारण २५ अंशांची असते, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ च्या आसपास फिरतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो; डब्यावर पाच मिनिटे लिहिलेले रेझिन भर दुपारी वाटीतच गोळा होऊन बसते. यावर खोली थंड करावी, असे कोणीही सुचवेल, आणि आपल्याकडे खोली थंड करणे म्हणजे कूलर लावणे. नेमके तेच करू नये. पॉलियुरेथेनच्या एका भागातले आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि कूलर तर हवेत पाणीच सोडत असतो. त्या खोलीत ओतलेली बॉडी पावाच्या तुकड्यासारखी सच्छिद्र निघते. पावसाळ्यातही हेच घडते. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवणेही तितकेच घातक, कारण थंड बाटली उघडताच तिच्या तोंडाशी दव धरते. उन्हाळ्यात पहाटे, कूलर बंद करून, मातीच्या भिंतींच्या जुन्या घरातल्या आतल्या खोलीत ओतावे, आणि शक्य असल्यास सगळे ओतकाम दिवाळीनंतरच्या कोरड्या, गार दिवसांसाठी राखून ठेवावे, हा माझा क्रम आहे. आमच्याकडे केळीच्या लागवडीचे जसे हंगाम ठरलेले आहेत, तसे रेझिनचेही ठरवले की निम्मी कटकट संपते.

साच्यातून निघालेल्या बॉडीवर साचा सुटावा म्हणून फवारलेले द्रव्य चिकटलेले असते. कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा साबण यांनी ती आतून-बाहेरून जुन्या ब्रशने धुवावी. हे न केल्यास रंग पापुद्र्याने निघतो. बॉडी वाकडी निघाली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात ती काही क्षण धरली की मऊ होते, मग चासिसवर ठेवून सरळ करावी आणि त्याच स्थितीत गार पाण्याखाली धरावी. ही सोय दुधारी आहे, कारण जे पाण्याने मऊ होते ते उन्हानेही होते. रंग वाळवायला तयार बॉडी मे महिन्यात गच्चीवर ठेवणाऱ्याला संध्याकाळी छत खचलेली गाडी मिळेल.

रेझिनचे कवच प्लॅस्टिकपेक्षा जाड असते. त्यामुळे दाता किटचा आतला भाग, म्हणजे सीटचे तबक, आत शिरत नाही, आणि दोन्ही बाजूंनी कानस चालवावी लागते. बारीक कानशी, पियर्सिंग करवत, टोकदार चिमटे यांसाठी छंदाच्या दुकानांची वाट पाहण्याची गरज नाही. सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या दुकानात ती उत्तम प्रतीची मिळतात, आणि जळगावात अशा दुकानांना तोटा नाही. घासकाम ओल्या वॉटर पेपरनेच करावे. रेझिनची कोरडी धूळ छातीत जाणे घातक आहे, आणि ओले घासले तरी तोंडावर मास्क असावाच. पुढच्या काचेचे दोन खांब बारीक असतात आणि हटकून तिथेच तुटतात. त्यांत आधीच बारीक भोक पाडून पितळी तार घालणे, हा या कामातला सर्वांत फायद्याचा अर्धा तास.

प्लॅस्टिक किटचा नेहमीचा सिमेंट इथे निरुपयोगी ठरतो, कारण तो प्लॅस्टिक विरघळवून सांधतो आणि रेझिन विरघळत नाही. लहान भागांसाठी फेव्हिक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट आणि बॉडी-चासिसच्या जोडासाठी अॅराल्डाइट पुरेसे आहे. पृष्ठभागावरची बुडबुड्यांची छिद्रे गाडीच्या पेंटरकडल्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरावीत. नंतर राखाडी प्रायमरचा हात द्यावा. जी छिद्रे पांढऱ्या रेझिनवर दिसत नव्हती ती सगळी तेव्हा दिसू लागतात, आणि पुन्हा लांबी, पुन्हा वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर असे चालते. दारांच्या रेषा प्रायमरआधीच ब्लेडच्या पाठीने खोल करून घेतलेल्या बऱ्या. जाड थरांत त्या बुजतात. अंतिम रंगासाठी मी गाड्यांचा रंग मिसळून देणाऱ्याकडून अगदी थोडा घेतो. सरकारी गाडीचा तो किंचित पिवळसर पांढरा डब्यातल्या तयार पांढऱ्याने साधत नाही. जाळी आणि बंपर यांच्या क्रोमसाठी आधी चकचकीत काळा रंग लावून त्यावर क्रोम मारले, तरच आरसा दिसतो. काचांसाठी ओएचपीची पारदर्शक शीट कापून घेतली की झाले.

दुसऱ्याने केलेली बॉडी विकत घेऊन तिच्यावरच साचा टाकणे आणि नग विकणे, हे सर्रास चालते. ते मी चोरीच समजतो. शिवाय ते तांत्रिकदृष्ट्याही वाईट आहे: सिलिकॉन थोडे आटते, रेझिन थोडे आटते, आणि नकलेची नक्कल दर पिढीला लहान आणि बोथट होत जाते.

माझ्या टेबलावर पुढची गाडी जीप आहे. आपल्या तालुक्याच्या गावांना जोडणाऱ्या काळीपिवळीची लांब बॉडी अजून दूर आहे. त्याआधी तिची पूर्वज, महिंद्राने बांधलेली सीजे-३बी करावी असे ठरवले आहे. तिचा व्हीलबेस युद्धकाळातल्या विलिस जीपइतकाच, म्हणजे ८० इंच किंवा २०३२ मिलिमीटर आहे आणि प्रतिकृतीत तो ८४.७ येतो. विलिसचे १:२४ चे किट इटालेरीने काढलेले आहे, त्यामुळे चासिसला हातही लावावा लागणार नाही. मोठा बदल नाकाचा. हरिकेन इंजिनची उंची मावावी म्हणून सीजे-३बी चे बॉनेट उंच केलेले होते, तेव्हा रेझिनमध्ये ओतायचे ते बॉनेट, जाळी आणि फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यातला पत्रा, एवढेच. लहान साचा, थोडे रेझिन, बुडबुड्यांना जागा कमी. मास्टरला प्रायमर लागला आहे. साचा पाऊस संपल्यावर टाकीन.