नक्कल

सगळे झोपले आणि मी अजून तेच घोळवत बसलेय. पुतण्याने जेवताना माझी नक्कल केली. दोनच वाक्यं, 'काय करायलाय रं, जेवला काय रं', पण हेल काढून आणि मान अशी वाकडी करून की सासूबाईंना हसून ठसका लागला. मीही हसले. नसते हसले तर 'काकीला गंमत कळत नाही' झालं असतं.

इतकी वर्षं गोव्यात, फोंड्यात काढली, कोकणी येते, माशाचं हुमण सासूबाईंच्या पसंतीचं होतं, तरी तोंड उघडलं की मी घाटावरचीच. बाकीचं जाऊ दे.

गंमत म्हणजे दुपारी मी आणि तोच पुतण्या लॅपटॉपवर सिम्पसन्स, ते अमेरिकन कार्टून, बघून खिदळत होतो. अपूवाला जुना एपिसोड, अपू म्हणजे त्यातला भारतीय दुकानदार. गावात अस्वल आलं, बंदोबस्तासाठी कर वाढला, लोक चिडले, तर मेयरने खापर फोडलं बाहेरून आलेल्यांवर. 1996 चा आहे पण इथलाच वाटतो, आमच्याकडेही भाडी वाढली की भायल्यांमुळे, म्हणजे बाहेरच्यांमुळे, ट्रॅफिक वाढला की भायल्यांमुळे. म्हणजे लिहिणाऱ्यांनी टर उडवलीय ती गाववाल्यांची, अपू तर कॉम्प्युटर सायन्सचा डॉक्टर. लोक याला रेसिस्ट म्हणतात, पण कसं म्हणायचं? पुतण्या म्हणतो ते सगळ्यांनाच धुतात, त्यातल्या गोऱ्या बापापेक्षा, होमरपेक्षा मठ्ठ कोण आहे. पटतं मला.

पण होमर मठ्ठ निघाला म्हणून कुठल्या गोऱ्या पोराला शाळेत कुणी होमर म्हणून चिडवलं नसेल, त्यांच्याकडे टीव्हीवर हजार तऱ्हेचे गोरे. अपू मात्र कित्येक वर्षं तिथे जवळजवळ एकटाच, आणि त्याचा आवाज काढणारा हँक अझारिया, तोही गोरा. तिथला देशी कॉमेडियन हरी कोंडाबोलू, त्याच्या 2017 च्या डॉक्युमेंटरीत हेच, की तिथे वाढलेल्या देशी पोरांना त्या आवाजाने छळलं. त्यावर मालिकेने 2018 मध्ये होमरच्या मुलीच्या, लिसाच्या तोंडून 'आता काय करणार' छापाचं उत्तर दिलं, हे मला जास्त लागलं, जोकपेक्षा जास्त. शेवटी 2020 मध्ये अझारियाने तो आवाज सोडला. लिहिणाऱ्याच्या मनात विष नसेलही, पण तो आवाज टीव्हीतून बाहेर पडून वर्गात गेला त्याचं काय? आणि तरी मला दुपारी हसू आलं, उद्या लावला तरी येईल.

आणि याच सासूबाई हिंदी सिनेमात दारू पिऊन 'क्या मॅन' करणारा गोंयकार दिसला की चॅनल बदलतात हां! तेव्हा कुणी म्हणत नाही की गंमत आहे.

बरं, नक्कल वाईटही नव्हती. नुसती भलत्या गावची होती. तो हेल कोल्हापूरचा, मी मिरजेची, पण पोराला सगळा घाट एकच. उद्या त्याला धरून नीट शिकवते, करायचीच तर माझी कर म्हणावं.

सासूबाईंची नक्कल मला फर्मास जमते, जाऊबाई पोट धरून हसतात. फक्त ती आम्ही मागच्या पडवीत करतो, त्या देवळात गेल्या की. त्याने माझी मात्र माझ्यासमोरच केली, भर पंगतीत.