युरिक ॲसिड सहाच्या खाली

पहिला झटका आला तो रात्री दोनच्या सुमारास. झोपताना पाय धडधाकट होता आणि जाग आली तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याचे मूळ लालबुंद होऊन इतके सुजले होते की त्यावरची कातडी चकाकत होती. पांघरुणाचे टोक लागले तरी जीव कासावीस होत होता, त्यामुळे उरलेली रात्र मी पाय उघडा ठेवून बसून काढली. सकाळी पाय मुरगळला असेल अशी स्वतःची समजूत घातली. आठवडाभरात दुखणे आपोआप ओसरले आणि मी ते विसरून गेलो. पुढच्या दोन वर्षांत असे आणखी तीनदा झाले आणि तिन्ही वेळा मी तसाच विसरलो.

हा गाऊट होता, म्हणजे सांध्यांत युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा संधिवात. तो फसवतो तो इथेच. दुखणे थांबते, पण सांध्यात साचलेले तिथेच राहते. आपल्या पेशींतील आणि अन्नातील प्युरिन नावाच्या द्रव्यांचे विघटन झाले की युरिक ॲसिड तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे मोडणारे युरिकेज हे विकर असते. माणसाने ते उत्क्रांतीच्या ओघात गमावले, त्यामुळे हा सारा भार मुख्यतः मूत्रपिंडांवर येतो. रक्तातील प्रमाण डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की घट्ट झालेल्या पाकात साखर पुन्हा कणी धरते तसे सुईसारखे स्फटिक सांध्यांत धरू लागतात, आणि शरीराचा थंड भाग त्यांना अधिक मानवत असल्याने पायाचा अंगठा बहुधा पहिला सापडतो. युरिक ॲसिड वाढलेल्या प्रत्येकाला गाऊट होतोच असे नाही, म्हणून केवळ अहवालातील आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही.

पाचव्या झटक्याच्या वेळी रक्त तपासले तर युरिक ॲसिड ६.१ निघाले आणि ‘गाऊट नाही’ असे मला सांगण्यात आले. झटका चालू असताना हे प्रमाण पुष्कळदा तात्पुरते उतरते, हे मला फार उशिरा कळले. दुसऱ्या डॉक्टरांनी सुईने सांध्यातील थोडे पाणी काढून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात त्या सुया स्पष्ट दिसल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले तेव्हा आकडा ८.९ होता.

यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. (गाऊट झालेल्या माणसाच्या ताटात डोकावण्याचा हक्क सर्वांनाच असतो.) मी कडधान्ये, पालक, टोमॅटो असे सगळे सोडले आणि सहा महिन्यांत आकडा जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमने खाली आला. शरीरातील प्युरिनचा मोठा वाटा आहारातून न येता आपल्याच पेशींतून येतो, त्यामुळे पथ्याची मर्यादा तिथेच ठरते. बिअर, इतर मद्ये, प्राण्यांची काळीज-गुर्द्यांसारखी अंतरेंद्रिये, काही प्रकारचे मासे आणि गोड शीतपेये यांना आवर घालणे मात्र खरोखर उपयोगी पडते. कडधान्यांनी धोका वाढतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. कडक उपासाने झटका येऊ शकतो. माझ्या बाबतीत रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळीही दोषी होती; डॉक्टरांनी ती बदलून दिली. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

औषधांची दोन कामे वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. झटका शमवण्यासाठी कोल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या किंवा स्टेरॉइड असते. त्यांपैकी काय द्यायचे हे मूत्रपिंडांची स्थिती आणि चालू असलेली इतर औषधे पाहून ठरते, आणि पहिल्या चोवीस तासांत सुरुवात झाली तर गुण लवकर येतो. युरिक ॲसिड कमी करण्याचे काम ॲलोप्युरिनॉलसारख्या गोळीचे. ती अल्प मात्रेत, बहुधा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, सुरू करून आकडा ६ च्या खाली येईपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळू लागतात आणि नेमके तेव्हाच झटके वाढू शकतात, म्हणून सोबत काही महिने कोल्चिसिनची लहान मात्रा देतात. मला दुसऱ्याच महिन्यात झटका आला आणि गोळी फेकून देण्याची तीव्र इच्छा झाली. झटका आला तरी ही गोळी चालूच ठेवायची असते. अंगावर पुरळ उठले तर मात्र ती तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठायचे.

आता दीड वर्ष झाले असून आकडा ५.४ वर आहे. माझ्या कानाच्या वरच्या कडेवर एक पांढरट, कडक गाठ होती, जिला मी पुळी समजत होतो. तीही याच स्फटिकांची निघाली. तेव्हा ती मटाराएवढी होती. परवा चाचपून पाहिली तर मोहरीएवढी उरली आहे.