चित्र वाचायचे नाही, हे मला शिकावे लागले

मी चिंचवडच्या एका कारखान्यात 22 वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून काम करतो. कागदावरची प्रत्येक रेघ वाचणे हा माझा धंदा आहे. सलग जाड रेघ म्हणजे दिसणारी कड, तुटक रेघ म्हणजे आत दडलेली कड, एक लांब आणि एक आखूड तुकडा अशी जाणारी रेघ म्हणजे मध्यरेषा. जिला अर्थ नाही ती रेघ आमच्याकडे चूक समजली जाते. त्यामुळे मुलीच्या आजारपणात आम्हाला आर्ट थेरपिस्टकडे, म्हणजे चित्रकलेच्या मदतीने मनावर उपचार करणाऱ्यांकडे, जाण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा मी मनाशी सरळ हिशेब केला की मुलगी चित्र काढेल, थेरपिस्ट ते वाचतील आणि तिच्या मनात काय चालले आहे ते आम्हाला सांगतील. तसे झाले नाही, आणि का झाले नाही हे उमजायला मला जवळजवळ तीन वर्षे लागली.

चिमीला (हे तिचे घरातले नाव) नेफ्रोटिक सिंड्रोम असल्याचे निदान ऑगस्ट 2017 मध्ये झाले. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. सकाळी उठल्यावर तिचे डोळे सुजलेले दिसत आणि दुपारपर्यंत सूज उतरत असे, म्हणून पहिले दहाबारा दिवस आम्ही ॲलर्जीचे औषध देत राहिलो. पुढे मोज्यांच्या रबराचे वळ पायांवर तास तास राहू लागले, तेव्हा लघवी तपासली आणि प्रथिनांचे प्रमाण फोर प्लस, म्हणजे खूपच जास्त, निघाले. या आजारात मूत्रपिंडाची गाळणी प्रथिने धरून ठेवत नाही, ती लघवीवाटे निघून जातात, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटते आणि अंगावर पाणी साठते. उपचार म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या, सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे दिवसाआड. बहुतेक मुलांचा आजार या गोळ्यांना दाद देतो आणि चिमीच्याही आजाराने दिली, पण मात्रा उतरवत नेली की तो पुन्हा उलटायचा. 2019 चा पावसाळा येईपर्यंत तो पाच वेळा उलटला होता.

या गोळ्यांचे परिणाम पालकांना वेगळे सांगायला नकोत, तरी जे सहज नजरेआड होते ते नोंदवतो. चेहरा गोल होतो, पोट सुटते, आणि भूक अशी लागते की मूल रात्री दोन वाजता वरणभात मागते. तोही अळणी, कारण सूज असताना मीठ कमी, पापड-लोणचे बंद. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणत, "गुटगुटीत झालीये हो पोर," आणि वर्गातली मुले तिला फुगा म्हणत. सहा वर्षांच्या चिमीने आधी आरशासमोर केस विंचरून घ्यायचे सोडले, मग गोळी गालात धरून मोरीत थुंकायला सुरुवात केली, आणि शेवटी रक्त काढताना रडायचेही थांबवले. पहिल्या दोन गोष्टींची आम्ही काळजी केली आणि तिसरीचे कौतुक केले. तिच्या किडनीच्या डॉक्टरांना मात्र काळजी वाटली ती नेमकी तिसऱ्या गोष्टीची. मूल सुई टोचताना भिंतीकडे पाहत निपचित पडून राहते हे शहाणपण नव्हे, असे त्या म्हणाल्या, आणि आर्ट थेरपिस्टला भेटा असे त्यांनीच सुचवले.

पहिली भेट फसली. एका ठिकाणी 'आर्ट थेरपी' अशी पाटी होती. तिथल्या बाईंनी चिमीला छापील मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, रंगवायला दिले आणि अर्ध्या तासाने आम्हाला बोलावून, तिच्यादेखत, काळा रंग जास्त वापरला आहे म्हणजे मुलगी आतून खचली आहे, असे सांगितले. खोक्यातले बाकीचे खडू मोडके होते, हे चिमीने रिक्षात बसल्यावर सांगितले. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे आणि सरकारमान्य नोंदणीशिवाय कोणालाही ते लावता येत नाही. आपल्याकडे त्या वेळी पडताळून पाहता येईल अशी कुठलीही यादी नव्हती, त्यामुळे विचारपूस पालकांनीच करायची. पुढच्या खेपेला मी तीन प्रश्न लिहून नेले: शिक्षण कुठे आणि किती काळ झाले, स्वतःच्या कामावर वरिष्ठांची देखरेख असते का, आणि दीर्घ आजार असलेल्या मुलांबरोबर पूर्वी काम केले आहे का. ज्या ताईंकडे आम्ही अखेर गेलो त्यांनी तिन्हींची उत्तरे न रागावता दिली.

सप्टेंबर 2019 मधली त्यांची पहिली भेट फक्त आम्हा दोघांशी होती. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच टेबलाशी 45 मिनिटे, आईवडील बाहेर. चित्रे ताईंकडच्या फायलीत राहतील आणि ती चिमीच्या मालकीची असतील. ती आत काय म्हणाली हे आम्हाला सांगितले जाणार नाही, अपवाद तिच्या जिवाला धोका वाटला तर. दर दोन महिन्यांनी आमच्याशी वेगळे बोलणे होईल आणि डॉक्टरांनाही मोघम कळवले जाईल. तिची प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली असल्याने शाडूचे नवे पाकीट फक्त तिच्यासाठी फोडून नाव लिहिलेल्या डब्यात ठेवले जाईल, आणि ताईंना साधी सर्दी असली तरी भेट रद्द होईल. हे शेवटचे ऐकून माझ्या पत्नीचा त्यांच्यावर विश्वास बसला. माझा बसायला वेळ लागला. "मग चित्रांचा अर्थ आम्हाला कधी कळणार?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तिला सांगावासा वाटला तर ती सांगेल. मी सांगणार नाही, कारण मलाही तो ठाऊक नसतो."

या उपचाराची सुरुवात आजारपणातच झाली, हे त्यांच्याकडूनच कळले. एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून होते. वेळ जाईना म्हणून ते आपल्या खाटेभोवतीच्या वस्तू रेखाटू लागले आणि मग शेजारच्या रुग्णांनाही चित्रे काढायला प्रवृत्त करू लागले. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यांनीच 1942 मध्ये वापरात आणला. मुलांबरोबर काम करणाऱ्या एडिथ क्रेमर यांनी पुढे 'तिसरा हात' अशी कल्पना मांडली, म्हणजे थेरपिस्टने मुलाच्या चित्राला लागेल तेवढीच मदत करायची, आपली आवड त्यात घुसवायची नाही. ताई तेच करत असाव्यात, असा माझा अंदाज आहे. दार कधी अर्धवट उघडे राहिले तर मला दिसे ते इतकेच की चिमी कागद फाडते आहे आणि त्या चिकटपट्टीचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला ओळीने लावून ठेवत आहेत.

पहिल्या पाच भेटींत चिमीने काहीही काढले नाही. ताई विचारत, "आज रंग घ्यायचे?" आणि ती म्हणे, "नाही." ताई "बरं" म्हणत आणि दोघी बसून राहत. दर भेटीचे 800 रुपये होते आणि मेडिक्लेमने ते मान्य केले नव्हते, तेव्हा या "नाही"चा हिशेब मी रोज करत होतो. दोन महिन्यांच्या बैठकीत मी तक्रारीच्या सुरात विषय काढला. त्यावर ताईंनी मला एक प्रश्न विचारला: गेल्या दोन वर्षांत चिमीचे 'नाही' कोणी ऐकले आहे? गोळीला नाही, सुईला नाही, अळणी भाताला नाही. प्रत्येक ठिकाणी ते मोडून काढणे आम्हाला भागच होते, आणि ते योग्यही होते. मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर ताई रुग्णालयातल्या सिस्टरांशी बोलल्या आणि रक्त काढताना डावा हात की उजवा, बसून की पडून, हे चिमीने ठरवायचे असे ठरले. रक्त काढण्याला नाही म्हणता येणार नव्हते, निदान उजव्या हाताला म्हणता येऊ लागले. त्या दिवशी ती बऱ्याच महिन्यांनी सुई टोचताना मोठ्याने रडली, आणि घरी येताना तिने उसाच्या रसाचा हट्ट धरला.

सहाव्या भेटीला ती घरून एक रिकामी बाटली घेऊन गेली. या आजारात पालकांना रोज सकाळची पहिली लघवी तपासावी लागते. कागदी पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचे आणि तिच्या टोकाचा रंग बाटलीवरच्या चौकोनांशी ताडून पाहायचा. पिवळा म्हणजे प्रथिने नाहीत, फिकट पोपटी म्हणजे थोडी, आणि पुढे हिरवा गडद होत निळसर होत जातो. लागोपाठ तीन दिवस थ्री प्लस आले की आजार उलटला असे धरतात. आमच्या घरात दिवसाची सुरुवात या रंगाने व्हायची, आणि तो हिरवा निघाला की आम्हा दोघांचे चेहरे चिमी न्याहाळत असायची, हे मला फार उशिरा कळले. ताईंनी आणि तिने त्या बाटलीवरचे सगळे चौकोन पोस्टर रंगांनी बनवायला घेतले. पिवळ्यात निळ्याचा एक थेंब, मग दोन, मग तीन. रंग जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात दोन भेटी गेल्या. शेवटी तिने प्रत्येक रंगाला नाव दिले: लिंबू, कैरी, कारले, डबके. तो कागद तिने आपण होऊन घरी आणला आणि न्हाणीघराच्या दारावर लावला.

दुसऱ्या दिवसापासून पट्टी तीच धरू लागली. बाटलीवरचे आकडे आमच्या घरात कोणी उच्चारेनासे झाले. "आज कैरी," असे ती न्हाणीघरातून ओरडायची आणि पत्नी वहीत वन प्लस लिहायची. आजार तोच होता. जानेवारी 2020 मध्ये, स्टिरॉइड कमी करता यावे म्हणून मायकोफिनोलेट सुरू झाले, त्याच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा तो उलटला. आर्ट थेरपीने लघवीतली प्रथिने थांबत नाहीत आणि ताईंनी तसे कधी म्हटलेही नाही. पण गोळी मोरीत थुंकणे त्या हिवाळ्यात बंद झाले.

याच सुमारास मी चूक केली. चिमीने एक चित्र घरी दाखवायला आणले होते. त्यात एक मोठे वर्तुळ होते आणि त्याच्या मधोमध, बटणाएवढा, नाक-डोळे असलेला चेहरा. मला लगेच वाटले की हा तिचा सुजलेला चेहरा आणि आतली ती खरी. मी उत्साहाने विचारले, "ही तू आहेस ना?" तिने कागदाची घडी घातली, तिची पुन्हा घडी घातली आणि ती दप्तरात कोंबली. पुढचा दीड महिना एकही चित्र घरी आले नाही. मी ताईंना झालेला प्रकार सांगितला, तेव्हा त्या हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. "तुम्हाला विचारल्यावाचून राहवत नसेल तर रेघेबद्दल विचारा," त्या म्हणाल्या, "कशाने काढली, कोणती आधी काढली. अर्थाबद्दल विचारलं की तिला तुमच्या मनासारखं उत्तर द्यावं लागतं." ड्राफ्ट्समनला हे जमण्यासारखे होते.

मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्याने चिमीसाठी ती इतरांपेक्षा लांबली. भेटी व्हिडिओ कॉलवर सुरू झाल्या. आमचे घर वन बीएचके आहे. आत गुप्तता म्हणून काही शिल्लक राहावी यासाठी आम्ही दोघे दर गुरुवारी दार ओढून घेऊन जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर 45 मिनिटे बसायचो. वरचे आजोबा मास्क लावून खाली जाताना दर वेळी विचारायचे, "भांडण झालं का?" ताईंनी पुढे तिच्या परवानगीने एवढेच सांगितले की चिमी फोन टेबलाकडे वळवून ठेवते, त्यामुळे पडद्यावर फक्त तिचे दोन हात दिसतात. जवळजवळ वर्षभर ताईंनी तिचा चेहरा पाहिला नाही आणि दाखव असे म्हटलेही नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये एका गुरुवारी आम्ही आत आलो तेव्हा फोन डब्याला टेकवून उभा केलेला होता. आम्ही दोघांनीही त्याबद्दल काही विचारले नाही. पत्नीने चहा टाकला.

समारोपासाठी ताईंनी चार भेटी राखून ठेवल्या होत्या. या मुलांची माणसे सारखी बदलत असतात, निवासी डॉक्टर जातात, सिस्टर बदलतात, म्हणून निदान हा निरोप तारीख सांगून घ्यायचा, असे त्यांचे म्हणणे होते. तोपर्यंत स्टिरॉइड बंद होऊन आठ महिने झाले होते, मायकोफिनोलेट चालूच होते. जून 2022 मधल्या शेवटच्या भेटीत चिमीने सांगितले म्हणून आम्हालाही आत बोलावले. फायलीतून 61 कागद निघाले. तिने त्यांचे जमिनीवर तीन ढीग केले: घरी न्यायचे, ताईंकडे ठेवायचे आणि फाडायचे. घडीच्या खुणा उमटलेले ते वर्तुळाचे चित्र तिने तिसऱ्या ढिगात टाकले. मला ते हवे होते, आणि ते माझ्या तोंडावर दिसले असावे, कारण तिने ते पुन्हा उचलून माझ्यासमोर धरले.

मी विचारले, "हे वर्तुळ कशाने काढलं होतंस? कंपासचं टोक टेकल्याची खूण नाही दिसत."

"वाटीनं," ती म्हणाली. "गोळी चुरायच्या."

मग तिने तो कागद घडीच्या रेघेवर आधी उभा आणि नंतर आडवा फाडला, आणि पुढचा कागद उचलला.