काळ्या मातीवरचा गोलकीपर

सोमवार, पहाटे

मे महिन्यात आपल्याकडे फुटबॉलच्या गोलकीपरचा सराव साडेपाचला सुरू व्हावा आणि साडेसातला आटोपावा. त्यानंतर मुरमाचं मैदान तापतं. एकदा कातडं सोलून निघालं की पोट्टे पडायला भितात आणि उभ्या उभ्याच चेंडूला हात लावतात. ही सवय लागली तर सुटता सुटत नाही. म्हणून आधी खड्डा, मग चेंडू.

खड्डा साधारण ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, फूट-दीड फूट खोल. गोटे वेचून काढायचे, तळाला रेती, वर कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा भरलेली पोती. सोयाबीनचं कुटार नको, पोत्यातूनही टोचतं, गव्हाचं चालतं. भंडारा-गोंदियावाल्यांचं बरं आहे, त्यांच्याकडे धानाची तणस असते, याहून चांगली गादी नाही. पोती दबून घट्ट होतात. अधूनमधून उलटून झोडली नाहीत तर कंबरेचं हाड थेट जमिनीवर आपटतं.

पडणं शिकवायचं ते आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं, सगळ्यात शेवटी उभ्यानं. जमिनीला टेकण्याचा क्रम ठरलेला: पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कंबर, बरगड्यांची कड, खांदा. कोपर आधी टेकलं तर सगळं वजन खांद्यावर जातं आणि कॉलरबोन मोडू शकतं. पोटावर पडणाऱ्याचा चेंडू छातीखालून निसटतो. पकडताना एक हात चेंडूच्या मागे, दुसरा वरून दाबलेला; खालून जमीनच चेंडू धरून ठेवते. झेप सरळ बाजूला घ्यायची नाही, थोडी पुढे तिरकी घ्यायची. मागे गेलेली झेप चेंडूला गोलाकडे वाट करून देते.

मंगळवार

आज दोरी. फळ्यावर आकृत्या काढून जे डोक्यात शिरत नाही ते दोरीनं पाच मिनिटांत कळतं. दोन्ही खांबांना बुडाशी एकेक दोरी बांधायची आणि दुसरी टोकं चेंडूच्या जागी ठोकलेल्या एकाच खुंटीला. गोलाची रुंदी ७.३२ मीटर. पोट्टा रेषेवर उभा राहिला तर दोन्ही दोऱ्या त्याच्या हाताबाहेर. चार पावलं पुढे आला की दोऱ्या जवळ येतात, आणखी पुढे गेला की दोन्हीकडे हात पुरतो. मग त्याला तिथंच थांबवून मागे बघायला लावायचं. आडवा दांडा २.४४ मीटर उंच, चेंडू डोक्यावरून सहज टाकता येतो. किती पुढे यायचं याचं उत्तर या दोन भीतींच्या मधे कुठेतरी असतं आणि दर फटक्याला बदलतं. खुंटी बाजूला सरकवली की जवळचा खांब उघडा कसा पडतो तेही दिसतं.

गावच्या मैदानावर आखणी नसते, त्यामुळे मागचा गोल नेमका कुठे आहे हेच गोलकीपर विसरतो. सरावात गोलाच्या मधोमध टाचेनं रेघ ओढली तर चालतं. सामन्यात तसं केलं तर पिवळं कार्ड मिळू शकतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथं पेनल्टीचा ठिपका आणि हाताला लागणारा खांब, एवढ्यावरच भागवायचं.

आणि फटका बसतो त्या क्षणी पाय स्थिर पाहिजेत, दोन्ही जमिनीवर, वजन चवड्यांवर. चालत्या पायानं झेप निघत नाही. ‘हात पोचला होता ना जी!’ असं म्हणणाऱ्याचे पाय बघावेत. चूक बहुतेक तिथंच सापडते.

बुधवार

पेनल्टीचा हिशोब. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू ११ मीटर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. बघून ठरवायला वेळ उरतच नाही. त्यामुळे मारणाऱ्याचा टेकलेला पाय आणि कंबर कुणीकडे वळली ते वाचायचं. फटका बसेपर्यंत एक पाय रेषेवर किंवा रेषेच्या सरळीत ठेवणं सक्तीचं.

१९९२ मध्ये सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातानं उचलायला बंदी आली, तेव्हापासून पायही चांगले लागतात. आपल्या उंचसखल मैदानावर एक गोष्ट बचावपटूंच्या डोक्यात बसवावी: मागे पास देताना चेंडू खांबाच्या बाहेरच्या अंगाला द्या. उसळून पायावरून गेला तरी कॉर्नरच जाईल, गोल होणार नाही. २०२५ च्या नियमबदलानंतर ८ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात धरला तरीही कॉर्नर जातो. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हातानं मोजून दाखवतो, तिकडे लक्ष असू द्यावं.

गुरुवार

ग्लोव्हज. तळव्याचं लेटेक्स मुरमावर झिजतं आणि आपल्या उन्हात त्याला तडे जातात. खेळून झाल्यावर कोमट पाण्यात धुवायचे, कपड्याचा साबण नको, वाळवायचे सावलीत. टिनाच्या छपरावर वाळत टाकलेली जोडी लवकरच वाया जाते. खेळण्याआधी तळवा थोडा ओला केला तर पकड येते. सरावाची जोडी वेगळी, सामन्याची वेगळी. एवढी ऐपत नसेल तर जुनी जोडी सरावाला ठेवावी.

बोटाच्या टोकावर चेंडू बसला की आपल्याकडे पहिला इलाज म्हणजे कुणीतरी बोट ओढून ‘मोकळं’ करतं. हे बंद झालं पाहिजे. शेवटचं पेर खाली लोंबत असेल आणि आपणहून सरळ होत नसेल तर स्नायूची दोरी तुटलेली असते, कधी हाडाचा कपचाही निघालेला असतो. एक्स-रे काढून ते पेर पट्टीत सरळ ठेवावं लागतं, सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. मधे एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेवढा धीर धरला नाही तर बोट जन्मभर वाकडं राहतं.

शनिवार

कारकिर्दीचं गणित बाकी खेळाडूंपेक्षा वेगळं. संघात जागा एकच. स्ट्रायकर बदली म्हणून शेवटची वीस मिनिटं तरी खेळतो. दुसरा गोलकीपर अख्खा हंगाम बाकावर काढतो आणि पहिल्याचं बोट मोडलं की पाच मिनिटांत तयार व्हावं लागतं. मात्र वय इथं साथ देतं. इटलीचे गोलकीपर दिनो झोफ यांनी १९८२ चा विश्वचषक चाळिशीत उचलला, इजिप्तचे एल-हदारी २०१८ मध्ये ४५ व्या वर्षी विश्वचषकात खेळले आणि पेनल्टीही अडवली. सतराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून ग्लोव्हज टांगून ठेवणाऱ्यांना हे सांगायला हवं. उंची मात्र वरच्या स्तरावर विचारतातच. भारतीय गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूसारखे साडेसहा फुटी सगळे नसतात, पण पाच फूट सहा इंचांच्या पोट्ट्याला खोटी आशा लावण्यात अर्थ नाही. त्यानं बचावात खेळावं.

आता कागद. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर सहसा भागत नाही आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. संघ जिंकला आणि आपला पोट्टा बाकावर होता, तरी त्याचं नाव खेळाडूंच्या यादीत आहे का हे स्पर्धा संपायच्या आत बघावं. नावाचं स्पेलिंग दहावीच्या सनदेशी जुळतंय का, तेही.