तीन पिवळ्या, एक गुलाबी

माझं कृषी केंद्र आहे, जळगाव जिल्ह्यात, केळीच्या यावल तालुक्यात. दिवसातून दहा जण येऊन म्हणतात, भाऊ ती निळ्या झाकणाची बाटली द्या, आणि मी दहाही जणांवर ओरडतो की झाकण काय दाखवता, टेक्निकल सांगा, आतलं औषध कोणतं ते सांगा. आता हाच माणूस स्वतःच्या गोळ्या कशा खात होता ते ऐका.

2021 ला माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं, मुंबईला, किडनी आईची. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने सगळं समजावलं होतं पण त्या दिवशी डोक्यात काय शिरतं, घरी जायची घाई. मी आपलं सोपं करून टाकलं, सकाळी नऊला तीन पिवळ्या एक गुलाबी, रात्री नऊला परत तसंच, बाकीच्या पांढऱ्या डब्यात. सहा महिने मस्त चाललं. मग एकदा पिवळ्या संपत आल्या, मी दुकानात अडकलेलो, पुतण्याला पाठवलं, म्हटलं किडनीची पिवळी कॅप्सूल आण. त्याने आणली. कंपनी वेगळी, पण पिवळीच, मग मी कशाला बघतो.

आठेक दिवसांनी हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीत वाजायचा, बिलावर सही धड होईना. मला वाटलं अशक्तपणा. फॉलोअपला गेलो तर टॅक्रो लेव्हल, म्हणजे पिवळ्या कॅप्सूलमधलं औषध रक्तात किती ते, 18, हवी त्यापेक्षा बरीच जास्त, आणि क्रिएटिनिन (हे चढलं म्हणजे किडनीवर ताण) 1.3 चं 1.8. आधीची पिवळी 0.5 एमजीची होती, ही 1 ची. म्हणजे मी दीड एमजीच्या जागी तीन खात होतो, दोन्ही टाइम! आईकडे बघायची हिंमत होईना.

डॉक्टरांनी डोस ठरवून दिला आणि म्हणाले आता फार्मासिस्ट मॅडमकडे बसायचं, घाई नाही करायची. मला वाटलं पाच मिनिटांचं काम, बाईंनी पाऊण तास घेतला. सगळ्या स्ट्रिपा टेबलावर ओतल्या, एक उचलली, "दादा, ही कशाची?" मी म्हटलं गुलाबी. "रंग नाही विचारला." मग कळलं की मी दुकान चालवतो, तर हसल्या आणि म्हणाल्या मग तुमच्याच भाषेत सांगते, टेक्निकल पाठ करा. टॅक्रोलिमस (हेच ते टॅक्रो), मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, तिन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी, म्हणजे शरीर आईची किडनी परकी म्हणून नाकारत नाही. प्रत्येक गोळी कशासाठी, किती एमजी, चुकली तर काय, हे माझ्याच तोंडून वदवून घेतलं, अडखळलो की परत पहिल्यापासून.

बरंच काही तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं, मी दोनदा गोळी खाऊन गेलो होतो म्हणजे ते रिपोर्ट तसे वायाच. कंपनी बदलली तर आधी त्यांना फोन. पपनस, चकोतरा बंद, त्याने लेव्हल चढते. गुळवेलीचा काढा बंद, तो प्रतिकारशक्ती वाढवायला आणि आपल्या गोळ्या ती दाबायला (आमच्याकडे कोविडपासून घरोघर काढा, मला तर मावशी आग्रहाने पाजायची). टॅक्रोने पोटॅशियमही वाढतं म्हणून केळी रिपोर्ट बघूनच. आता यावलच्या माणसाला केळी विचारून खा म्हणणं म्हणजे... असो, खातो विचारून. आणि गोळ्या उन्हातल्या गाडीत ठेवायच्या नाहीत, आमच्याकडे मे मध्ये 45 च्या वर जातं, मी डिकीत ठेवून गावोगाव फिरायचो.

खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात झाली. खोकला, ताप, अंग ठणकत होतं. गावातल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी लिहिली. मी चिठ्ठी वाचली, पूर्वी वाचत नव्हतो, आणि तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या पहिल्याने टॅक्रो भलतंच चढेल, दुसरं किडनीला नको, डॉक्टरांना फोन द्या. दोघं बोलले, औषध बदललं, तापाला पॅरासिटामॉल. डॉक्टरांनी वाईट वाटून घेतलं नाही, उलट माझ्या कार्डाचा फोटो काढून ठेवला.

ते कार्ड मॅडमनीच दिलंय, नाव, एमजी, वेळ, सगळं मराठीत. एक पाकिटात असतं, एक आईने देवघराशेजारी चिकटवलंय. आधी ती रात्री नऊला विचारायची, गोया खाल्ल्या का रे भो? आता विचारते, टाकरो किती एमजीचं खाल्लं? आणि आकडा सांगितल्याशिवाय ताट वाढत नाही, मी म्हणतो माय, अजून तासभर जेवायचं नाहीये मला, गोळी रिकाम्या पोटीच लागते, तर म्हणते माहीत आहे, कार्डावर लिहेल आहे.