शंभर किलो बांगड्याला बर्फ किती?

थर्मोडायनॅमिक्स शिकताना बहुतेक जण थेट सूत्राला हात घालतात आणि फसतात. आधी सिस्टीमची, म्हणजे ज्याचा हिशोब करायचा त्या भागाची, सीमारेषा आखा. आत काय, बाहेर काय ते ठरवा. कंटाळवाणं वाटतं खरं, पण गणितं बिघडतात ती इथेच.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरलेला १०० किलो बांगडा पेटीत बर्फ घालून ३० अंशांवरून शून्यावर आणायचाय; पेटी हीच आपली सीमारेषा. किलोमागे, अंशामागे साधारण ३.५ किलोज्यूल धरले तर १०० × ३.५ × ३० = १०,५०० किलोज्यूल काढून घ्यायचे. शून्य अंशाचा किलोभर बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे ३१-३२ किलो बर्फ पुरे! पण आपल्याकडच्या हवेत मासळीइतकाच बर्फ घाला असं सांगतात, आणि तेच बरोबर आहे. भागाकार चुकला नाही, सीमारेषेतून येणारी उष्णता धरायची राहिली. मासळी एकदाच थंड करायची असते. पेटीच्या पत्र्यातून, झाकणाच्या फटीतून उष्णता मात्र बाजार गाठेपर्यंत आत येतच राहते. बर्फ संपला की उरलेलं पाणी किलोमागे, अंशामागे जेमतेम ४.२ किलोज्यूल घेतं, त्यामुळे पेटी भराभर तापते.

आता बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया कंप्रेसर. इथे वायू सीमारेषा ओलांडून आत-बाहेर जातो, म्हणून आंतरिक ऊर्जा (वायूत साठलेली ऊर्जा) नव्हे, एन्थाल्पी घ्यायची, म्हणजे आंतरिक ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान. वायू आत ढकलायचं आणि बाहेर काढायचं काम तिच्यात आधीच धरलेलं असतं. नुसती आंतरिक ऊर्जा घेतली तर कंप्रेसरची पॉवर कमी दिसते. एन्थाल्पी घेऊन वर दाब गुणिले आकारमान मिळवलं तर तेच काम दोनदा मोजलं जातं. परीक्षेत दोन्ही प्रकार सर्रास दिसतात.

थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमाकडे (उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही) येताना तापमान केल्विनमध्येच. बाष्पक (अमोनिया उष्णता शोषतो तो भाग) उणे १५, कंडेन्सर (अमोनिया उष्णता बाहेर टाकतो तो भाग) ४० अंश: बाष्पकाचे २५८ केल्विन भागिले दोन्हींतला फरक ५५, म्हणजे आदर्श सीओपी (काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेलं काम) ४.७. सेल्सिअस घातलं तर उत्तर चक्क ऋण येतं. खरं यंत्र ४.७ च्या बरंच खाली राहतं.

कोकणच्या दमट हवेत कंडेन्सर थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरचं पाणी फारसं थंड होत नाही, कारण ते ओल्या बल्बच्या तापमानाखाली (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) जाऊच शकत नाही. त्यात नळ्यांवर क्षार साचले, की कंडेन्सर ४५ वर जातो आणि आदर्श सीओपी ४.३ वर उतरतो. तेवढ्याच बर्फाला, आदर्श यंत्रातसुद्धा, वीज नऊ टक्के जास्त.